क्लस्टर वाढतोय, प्रती किती ठेवायच्या? खान्देशातल्या टीम्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शेतीच्या सेन्सरचा, बाजारभावाचा किंवा दूध संकलनाचा डेटा सांभाळणाऱ्या छोट्या टीम्स आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्लस्टर म्हणजे मिळून एकच डेटाबेस चालवणाऱ्या मशीनांचा गट, त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड, आणि प्रत म्हणजे त्याच डेटाची वेगळ्या नोडवर ठेवलेली नक्कल. उदाहरणं मुख्यतः अपाचे कॅसँड्रा या डेटाबेसची आहेत, कारण तिथे किती प्रती, कुठे ठेवायच्या आणि किती जणांचा होकार आला की काम झालं म्हणायचं, हे तिन्ही निर्णय तुमच्याच गळ्यात पडतात. सोयीसाठी एक नमुना धरला आहे: रावेर, यावल, चोपडा पट्ट्यातल्या केळीच्या बागांत बसवलेले सेन्सर आणि तापमान, आर्द्रता, जमिनीतला ओलावा यांच्या नोंदी.

आमच्याकडे 5,000 सेन्सर आहेत. किती नोडचा क्लस्टर लावू?

बहुधा एकही नको. 5,000 सेन्सर दर 15 मिनिटांनी एक नोंद पाठवत असतील, तर दिवसाला 4,80,000 ओळी होतात, म्हणजे सेकंदाला साडेपाच. एवढं काम एक बरा सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि शेजारी एक स्टँडबाय (तयार ठेवलेला राखीव सर्व्हर) एवढ्यात आरामात होतं. क्लस्टर सांभाळायला माणूस लागतो, आणि तो माणूस पुण्याला नोकरीला निघून गेला की क्लस्टर कोणाच्याच ओळखीचा राहत नाही.

हेच 50,000 सेन्सर झाले आणि नोंद दर मिनिटाला येऊ लागली, तर सेकंदाला 833 आणि दिवसाला 7 कोटी 20 लाख ओळी. एक नोंद 100 बाइट धरली तर रोज 7.2 जीबी, वर्षाला सुमारे 2.6 टीबी, तेही एका प्रतीचं. तीन प्रतींचे जवळपास 8 टीबी. कॉम्प्रेशनने आकडा बराच खाली येतो, पण नियोजन कॉम्प्रेशनच्या भरवशावर करू नये. शिवाय कॉम्पॅक्शनला, म्हणजे कॅसँड्रा डिस्कवरच्या छोट्या फाइली एकत्र करून नव्याने लिहितो त्या कामाला, मोकळी जागा लागते. साइझ टायर्ड (सारख्या आकाराच्या फाइली एकत्र करण्याच्या) पद्धतीत वाईटात वाईट वेळी डेटाएवढीच रिकामी जागा लागू शकते. नोडमागे साधारण 1 टीबी डेटा हा हिशोब पकडला तर 8 नोड येतात. मी 9 घेईन. का, ते रॅकच्या प्रश्नात येईल.

रेप्लिकेशन फॅक्टर (डेटाच्या एकूण प्रती) किती ठेवायचा?

3. वेगळं कारण सापडेपर्यंत 3.

कारण कोरमच्या गणितात आहे. एकूण प्रतींच्या निम्मे (अपूर्णांक सोडून) अधिक एक म्हणजे कोरम; एवढ्या प्रतींचा होकार आला की काम झालं म्हणायचं. प्रती 2 असतील तर कोरमही 2, म्हणजे एक नोड पडला की कोरमचं काम थांबलं. जागा दुप्पट दिली आणि हाती काहीच आलं नाही. प्रती 3 असतील तर कोरम 2, एक नोड गेला तरी चालतं. 4 प्रतींना कोरम 3 लागतो, म्हणजे सहन होणारा बिघाड पुन्हा एकच, चौथी प्रत निव्वळ डिस्क खाते. 5 प्रतींना कोरम 3, इथे दोन नोड गेले तरी भागतं. 3 वरून पुढे जायचंच असेल तर थेट 5 वर जा, पण पाच प्रतींचं डिस्कचं आणि नेटवर्कचं बिल मालकाला आधी दाखवून घ्या.

नोड 3 चे 9 झाले. मग प्रतीही वाढवायला नकोत का, भाऊ?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि गोंधळही इथेच. नोडची संख्या डेटा आणि लोड किती आहे यावर ठरते. प्रतींची संख्या एका वेळी किती बिघाड सोसायचे यावर ठरते. नोड वाढले म्हणून फॅक्टर वाढत नाही. 3 नोड आणि फॅक्टर 3 असताना प्रत्येक नोडवर सगळा डेटा असतो. 9 नोड झाले की प्रत्येकावर एक तृतीयांश येतो. क्लस्टर मोठा करण्याचा फायदा हाच. फॅक्टर नोडच्या मागे मागे नेला तर प्रत्येक नोडवर पुन्हा सगळा डेटा येईल आणि नवी मशीनं घेऊनही जागा होती तेवढीच राहील.

पण या प्रश्नामागे एक खरी शंका असते, ती झटकून टाकू नये. 9 मशीनं असताना कोणतीतरी दोन एकाच वेळी बंद असण्याची शक्यता 3 मशीनांपेक्षा जास्त असते. त्यात कॅसँड्रा प्रत्येक नोडला रिंगचे, म्हणजे सगळ्या डेटाच्या वाटणीचे, अनेक छोटे तुकडे देतो. 3.x आवृत्त्यांत मूळ सेटिंग नोडमागे 256 तुकड्यांचं होतं. एवढे तुकडे असले की 9 नोडमधली कुठलीही जोडी घ्या, दोघांकडे मिळून असलेला काहीतरी डेटा निघतोच. म्हणजे कुठलेही दोन पडले की काही डेटाचा कोरम गेला. 4.0 पासून हे मूळ सेटिंग 16 वर आणलं गेलं, त्यामागे हेही एक कारण आहे.

यावरचा इलाज फॅक्टर वाढवणं नाही. इलाज रॅक नीट मांडणं.

रॅक म्हणजे ते लोखंडी कपाटच ना? आमच्याकडे तर एकच आहे.

कॅसँड्राच्या दृष्टीने रॅक म्हणजे एकाच बिघाडात एकत्र बंद पडणाऱ्या मशीनांचा गट. कपाट एक आहे की तीन, याला महत्त्व नाही. वीज कुठून येते, इन्व्हर्टर कोणता, स्विच कोणता, थंड हवा कोण देतं, हे बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. दुपारी तीनला एसी बसला की त्या खोलीतली सगळी मशीनं अर्ध्या तासात गरम होऊन एकापाठोपाठ एक मान टाकतात. त्या खोलीतल्या तीन कपाटांना तीन रॅकची नावं दिली तर कॅसँड्राची फसवणूक होते, एसीची नाही.

क्लाउडवर हे काम सोपं आहे. तिथला एकेक अव्हेलेबिलिटी झोन (वीज-नेटवर्क स्वतंत्र असलेला विभाग) म्हणजे एकेक रॅक. स्वतःच्या जागेत असाल तर तीन वेगळ्या वीजजोडण्या किंवा निदान तीन वेगळे यूपीएस आणि स्विच, एवढं तरी जमवा.

आता 9 नोडचा हिशोब बघा. तीन रॅक, प्रत्येकीत 3 नोड, फॅक्टर 3. नेटवर्क टोपोलॉजी स्ट्रॅटेजी ही प्रती कुठे ठेवायच्या ते ठरवणारी पद्धत प्रत्येक तुकड्याची एकेक प्रत वेगळ्या रॅकमध्ये ठेवते. एका रॅकमधले तिन्ही नोड एकदम गेले तरी प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती जिवंत, कोरम शाबूत. 9 नोडमधल्या दोघांच्या जोड्या 36 होतात. त्यातल्या एकाच रॅकमधल्या 9 जोड्या निरुपद्रवी झाल्या. 36 पैकी 9 हा आकडा लहान दिसतो, पण प्रत्यक्षात एकाच वेळी पडणारी मशीनं बहुतेकदा एकाच विजेवरची, एकाच स्विचवरची असतात. म्हणून या 9 जोड्याच सगळ्यात मोलाच्या.

दोन पथ्यं पाळावी लागतात. पहिलं, रॅकची संख्या फॅक्टरएवढी ठेवा, नाहीतर एकच ठेवा. दोन रॅक आणि फॅक्टर 3 असेल तर प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती कुठल्यातरी एका रॅकमध्ये जाणारच, आणि ती रॅक गेली की त्यांचा कोरम गेला. दुसरं, रॅकमधले नोड सारखे ठेवा. 4, 4 आणि 1 अशी वाटणी केली तर त्या एकट्या नोडवर सगळ्या डेटाची अख्खी प्रत येते आणि बाकीच्यांवर पाव पाव. तो एकटा नोड कायम धापा टाकत असतो, आणि टीम त्याची रॅम बदलत बसते. म्हणून वाढ तीन-तीनच्या पटीत करा. 8 पुरत असताना 9 म्हटलं ते यासाठी.

चालू नोडचं रॅकचं नाव फाइलमध्ये नुसतं बदलून चालत नाही. कॅसँड्रा तो नोड सुरूच होऊ देत नाही. ही अडवणूक दाबून टाकणारा एक पर्याय आहे, तो वापरू नका. नोड रीतसर काढा आणि नव्या रॅकमध्ये नव्याने घाला. म्हणूनच रॅकची नावं पहिल्या दिवशीच विचार करून द्यायची.

सिंपल स्ट्रॅटेजी चालेल का?

लॅपटॉपवर चालेल. खऱ्या क्लस्टरवर नाही, एकच डेटासेंटर असलं तरी नाही. तिला रॅक कळत नाहीत.

कन्सिस्टन्सी लेव्हल वन ठेवली की नोंद एकाच नोडवर लिहिली जाते?

नाही. नोंद नेहमी सगळ्या प्रतींकडे पाठवली जाते. किती जणांचा होकार येईपर्यंत ॲप थांबणार, एवढंच लेव्हल ठरवते. वन ठेवली तर पहिला होकार आला की ॲप पुढे सरकतं, बाकीच्या प्रती मागाहून लिहिल्या जातात, किंवा कोणी बंद असेल तर राहून जातात.

नियम एवढाच: वाचताना विचारलेल्या प्रती अधिक लिहिताना थांबलेल्या प्रती ही बेरीज फॅक्टरपेक्षा मोठी असेल, तर यशस्वी झालेलं लिखाण पुढच्या वाचनात दिसणारच. फॅक्टर 3 असताना दोन्हीकडे कोरम म्हणजे 2 अधिक 2, झाले 4. वन आणि वन म्हणजे 2, तिथे जुनं उत्तर मिळू शकतं.

हे ॲपभर एकच ठेवायचं बंधन नाही, प्रत्येक क्वेरीला वेगळं देता येतं. बागेतल्या तापमानाची एक नोंद उशिरा दिसली तर कोणाचं काही बिघडत नाही, तिथे लोकल वन (आपल्याच डेटासेंटरमधल्या एका प्रतीचा होकार) पुरे. शेतकऱ्याचं खातं, पैसे दिल्या-घेतल्याची नोंद, मालाच्या पावत्या यांना लोकल कोरम (आपल्याच डेटासेंटरमधल्या प्रतींचा कोरम). हवामान आधारित फळपीक विम्याच्या संदर्भात हे बरेच जण विचारतात. तिथली भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तुमच्या सेन्सरवर नाही. तरी शेतकरी तक्रार करताना तुमचा आलेख पुढे करणारच. तो आलेख सकाळी एक आणि दुपारी दुसरा दिसला तर तुमची पत गेली. म्हणून अहवाल काढणारं वाचन कोरमवर असू द्या, आणि ते खात्रीचं हवं असेल तर त्या नोंदींचं लिखाणही.

लिहिताना टाइमआउट आला. म्हणजे नोंद झाली नाही ना?

झालीही असेल. टाइमआउटचा अर्थ पुरेसे होकार वेळेत आले नाहीत, एवढाच. ज्या प्रतीवर लिहिलं गेलं तिथून ते मागे घेतलं जात नाही, आणि पुढे रिपेअरमध्ये (प्रती एकमेकींशी ताडून सारख्या करण्याच्या कामात) ते सगळीकडे पसरूही शकतं. सेन्सरची नोंद पुन्हा तशीच लिहिली तर काही बिघडत नाही, कारण ओळीची ओळख (की) तीच आणि किंमत तीच. काउंटर, म्हणजे वाढवत जायचा मोजणीचा आकडा, मात्र दोनदा वाढू शकतो. एकूण क्रेट मोजायला काउंटर वापरणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

एकाच ओळीवर दोघांनी लिहिलं तर नंतरच्या वेळेचं लिखाण टिकतं. ही वेळ मशीनच्या घड्याळावरून येते. सगळ्या मशीनांवर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) चालू आहे का, हे आज बघून घ्या. लिलावात एका लॉटला एकच बोली पक्की व्हायला हवी अशा ठिकाणी कोरमही पुरत नाही. तिथे लाइटवेट ट्रान्झॅक्शन, म्हणजे आधी अट तपासून मगच लिहिणारा व्यवहार, लागतं, आणि ते नावाएवढं लाइट नाही.

जळगावात एक आणि मुंबईच्या क्लाउडवर एक, अशी दोन डेटासेंटर करायची आहेत.

चांगला विचार आहे. फक्त साधा कोरम वापरू नका. दोन्हीकडे 3-3 प्रती म्हणजे एकूण 6, त्यांचा कोरम 4. म्हणजे प्रत्येक विनंतीला निदान एक होकार पलीकडून यायलाच हवा. जळगाव ते मुंबई सुमारे 400 किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन 4 मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रच घेतं, बाकी वळसे आणि राउटर वेगळे. ते एक वेळ सोसता येईल. पण रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की दोन्हीकडे 3-3 प्रती उरतात आणि 4 चा कोरम कुठेच जमत नाही. दोन डेटासेंटर असूनही दोन्ही ठप्प.

लोकल कोरममध्ये आपल्या बाजूच्या 3 पैकी 2 पुरतात. केबल तुटली तरी दोन्ही बाजू आपापलं काम करत राहतात, फक्त एकीकडचं ताजं दुसरीकडे उशिरा पोचतं. ईच कोरम लिहिताना दोन्हीकडचा कोरम मागतो, म्हणून केबल तुटली की लिखाण थांबतं. ज्याला हेच हवं आहे त्याने ते घ्यावं, बाकीच्यांनी लोकल कोरम.

दुसरं ठिकाण धुळ्याला केलं तर? सुमारे 90 किलोमीटर, लेटन्सी (जाण्या-येण्याचा वेळ) झकास. पण दोन्ही शहरं एकाच सुरत-नागपूर महामार्गावर आहेत आणि बऱ्याचदा केबलही त्याच रस्त्याच्या कडेने येते. दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली तरी चर एकच असू शकतो. सही करण्याआधी मार्गाचा नकाशा मागा.

नवं डेटासेंटर जोडताना क्रम महत्त्वाचा. नवे नोड ऑटो बूटस्ट्रॅप (नव्या नोडने आपोआप डेटा ओढून घेणं) बंद ठेवून उभे करा. ॲपचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा भाग) जुन्या डेटासेंटरलाच स्थानिक मानतोय आणि लेव्हल लोकल आहे, हे तपासा. मग ऑल्टर कीस्पेस या आदेशाने (कीस्पेस म्हणजे टेबलांचा गट, फॅक्टर त्याला दिलेला असतो) नव्या ठिकाणच्या प्रती जाहीर करा, आणि प्रत्येक नव्या नोडवर जुन्या डेटासेंटरचं नाव देऊन नोडटूल रीबिल्ड हा डेटा भरून घेणारा आदेश चालवा. ते पुरं होईपर्यंत तिकडे वाचन वळवू नका. डेटासेंटरच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात, तीही जपून लिहा.

फॅक्टर 1 आहे, 3 करायचा आहे. ऑल्टर चालवलं की झालं?

ऑल्टर नुसता नियम बदलतो, डेटा हलवत नाही. त्या क्षणापासून कॅसँड्रा दोन नव्या प्रतींना जबाबदार धरतो, पण त्या रिकाम्या असतात. कोरमने विचारलं आणि नेमक्या त्या दोन रिकाम्या प्रतींनी उत्तर दिलं, तर शेतकऱ्याला स्क्रीनवर कोरी बाग दिसेल. म्हणून 1 वरून 2, फुल रिपेअर, मग 2 वरून 3, पुन्हा फुल रिपेअर, आणि या सगळ्या काळात वाचन कोरमवर. फॅक्टर 2 असताना कोरम 2 चा असतो, त्यामुळे जुनी भरलेली प्रत उत्तरात येतेच. 2 वरून 3 होतानाही निदान एक भरलेली प्रत येते. फॅक्टर कमी करताना ऑल्टरनंतर क्लीनअप (नोडच्या वाट्याचा न राहिलेला डेटा पुसणारा आदेश) चालवा, नाहीतर जागा मोकळी होत नाही.

आणि सिस्टम ऑथ ही कीस्पेस विसरू नका. युजर आणि पासवर्ड तिच्यात असतात आणि तिचा फॅक्टर मुळात 1 असतो. डेटाच्या तीन प्रती व्यवस्थित, पण पासवर्ड ठेवणारा एकटा नोड पडल्यामुळे कोणालाच लॉगिन होत नाही, हा प्रकार होऊ शकतो.

नवा नोड जोडला, लगेच हिरवा दिसला, पण त्यावर डेटाच नाही.

त्या नोडच्या सीड यादीत, म्हणजे नव्या नोडला क्लस्टरची ओळख करून देणाऱ्या नोडच्या यादीत, त्याचाच पत्ता आहे का बघा. सीड नोड बूटस्ट्रॅप करत नाही, तो रिकामाच क्लस्टरमध्ये येऊन बसतो. नवा नोड आधी सीड नसताना आणा, हवा तर नंतर सीड करा. नोड एका वेळी एकच जोडा. सगळे जोडून झाले की जुन्या नोडवर एकेक करून क्लीनअप चालवा, कारण दुसऱ्याकडे गेलेला डेटा जुने नोड स्वतःहून पुसत नाहीत.

वादळात नोड रात्रभर बंद होता. सकाळी चालू केला, सगळं हिरवं आहे. आणखी काही करायचं का?

रिपेअर. नोड बंद असताना बाकीचे नोड त्याच्यासाठी निरोप राखून ठेवतात, त्यांना हिंट म्हणतात. पण हे मूळ सेटिंगप्रमाणे फक्त 3 तास. नोड रात्री दहाला गेला असेल तर एकनंतरच्या नोंदी त्याच्यासाठी कोणी राखलेल्या नाहीत. मान्सूनपूर्व वादळात रावेरकडे बागा आडव्या होतात तेव्हा वीजही तीन तासांत परत येत नाही. ही खिडकी वाढवता येते, पण हिंट साठवणाऱ्या नोडची डिस्क त्याची किंमत मोजते.

दुसरी मर्यादा 10 दिवसांची आहे, तिचं नाव जीसी ग्रेस सेकंद्स, किंमत 8,64,000. कॅसँड्रात डिलीट म्हणजे पुसणं नाही, "हे काढलं" अशी नोंद लिहिणं. तिला टूम्बस्टोन म्हणतात. मुदत संपली की टूम्बस्टोनही फेकता येतो. समजा सातबाऱ्यावरचं एक नाव कमी झालं, फेरफार दोन दप्तरांत चढला, तिसऱ्यात चढलाच नाही. पुढे दोन्ही दप्तरांनी फेरफाराचा कागदही रद्दीत काढला. आता तिसरं दप्तर सांगतं नाव आहे, आणि ते कमी झाल्याचा पुरावा कुणाकडेच नाही. मग ते नाव तिन्हीकडे परत चढतं. कॅसँड्रात काढून टाकलेला डेटा असाच उठून येतो. म्हणून प्रत्येक नोडचं रिपेअर 10 दिवसांच्या आत पुरं व्हायला हवं. आठवड्याला एकदा लावून टाका, कॅसँड्रा रीपर हे साधन त्याच कामाचं आहे. 10 दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलेला नोड तसाच परत आणू नका. त्याचा डेटा पुसा आणि त्याच्या जागी नवा नोड बसवा.

तीन प्रती आहेत, तर बॅकअप कशाला?

कोणी चुकून ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणारा आदेश) चालवलं तर ते तिन्ही प्रतींवर चालतं. स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची नक्कल) घ्या, आणि तो दुसऱ्या ठिकाणी हलवा.

आम्ही कॅसँड्रा वापरत नाही. आमच्यासाठी यात काय?

फॅक्टर 3 आणि वेगळ्या बिघाडांत वाटलेल्या प्रती, हे जवळपास सगळीकडे लागू आहे. मोंगोडीबी या डेटाबेसच्या एका रेप्लिका सेटमध्ये (एकाच डेटाच्या प्रती ठेवणाऱ्या नोडच्या गटात) 50 पर्यंत सदस्य चालतात, पण मत देणारे जास्तीत जास्त 7. मत देणारे विषम संख्येत ठेवा. तिथे लिखाण मतांनी निवडलेल्या एका प्रायमरीतून (मुख्य नोडमधून) होतं, म्हणून दोनच ठिकाणं असतील तर बहुमत असलेलं ठिकाण पडल्यावर उरलेल्याला नवा प्रायमरी निवडता येत नाही. तिसऱ्या ठिकाणी निदान एक मत ठेवावं लागतं. आवृत्ती 5.0 पासून लिखाण मुळातच बहुमताच्या होकाराने पक्कं होतं, जुन्या आवृत्तीवर असाल तर सेटिंग बघून घ्या. कॉकरोचडीबी हा डेटाबेस मुळात तीन प्रती ठेवतो. इलॅस्टिकसर्च या शोधासाठीच्या डेटाबेसमध्ये मूळ सेटिंगनुसार मूळ शार्डखेरीज (डेटाच्या तुकड्याखेरीज) एकच रेप्लिका असते, म्हणजे एकूण दोन प्रती.

कॉलेजात शिकतोय, सर्व्हर नाहीत. हे सगळं करून बघता येईल?

8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तीन नोड उभे राहतात. सीसीएम नावाचं साधन एका मशीनवर अख्खा क्लस्टर उभारून देतं, नाहीतर डॉकर आहेच. प्रत्येक नोडची हीप (त्याला वापरायला दिलेली मेमरी) 512 एमबीपर्यंत बांधून ठेवा, नाहीतर लॅपटॉप गोठेल. फॅक्टर 3 ची कीस्पेस करा, कोरमने काही ओळी लिहा, एक नोड बंद करा, पुन्हा लिहा. चालेल. दुसराही बंद करा. आता कोरम नकार देईल आणि किती प्रती हव्या होत्या, किती जिवंत आहेत, हे त्या एररमध्येच लिहिलेलं असेल. लेव्हल वनवर आणून तेच वाचन पुन्हा करा. मग बंद नोड चालू करण्याआधी काही ओळी डिलीट करा आणि जीसी ग्रेस मुद्दाम काही सेकंदांवर आणून कॉम्पॅक्शन चालवा. हिंट आधीच बंद ठेवा, नाहीतर डिलीटचा निरोप पोचेल आणि काढलेल्या ओळी परत येताना दिसणार नाहीत.